अर्ध्यात मिळवलं, तरी अर्ध्याहून कमी?

पाचवीच्या कुठल्याही वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहा. वह्या गोळा केल्या की त्यांत २/५ हे उत्तर हमखास सापडेल. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात मिळवले, झाली बेरीज. आपण तिथे लाल फुली मारतो, ‘आधी छेद समान कर’ असं सांगतो आणि पुढची वही उघडतो. पण त्या २/५ कडे जरा थांबून पाहायला हवं. पाचातले दोन भाग म्हणजे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि हाती आलं ते अर्ध्यापेक्षाही कमी! पाच रुपयांत तीन मिळवले आणि चार झाले असं कुणी म्हणालं तर हेच मूल बाकावरून उठून भांडेल. इथे ते भांडत नाही. कारण १/२ ही एक संख्या आहे, तिला काही मोठेपणा आहे, ती शून्य आणि एक यांच्या बरोबर मधे बसते, हे त्याला कधी दिसलेलंच नाही. त्याला दिसतात ते रेघेच्या वर-खाली लिहिलेले दोन सुटे आकडे.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईतल्या प्राथमिक शाळांत, मग त्या पालिकेच्या असोत, अनुदानित असोत की खासगी, चौथी-पाचवीत अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीचा नियम सांगण्याआधी मुलांना निदान सहा आठवडे कागदाच्या पट्ट्या, दोरी, टेप आणि वाटणी यांत घालवू द्यावेत. हा वेळ वेळापत्रकात आणि परीक्षेत रीतसर धरलेला असावा. आज हाताने करायच्या कामाला ‘उपक्रम’ म्हणून एखादी तासिका मिळते, तीही बहुधा कुणी पाहायला येणार असेल तेव्हा. पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या भिंतीवर लागतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून तिरकस गुणाकार सुरू होतो. अशा एका तासिकेने मुलांच्या डोक्यात काहीही बदलत नाही.

हा एखाद-दुसऱ्या वर्गाचा प्रश्न असता तर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. ‘परख’ या एनसीईआरटीच्या मूल्यमापन केंद्राच्या २०२४ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अर्धा, पाव, पाऊण यांसारखे रोजच्या वापरातले अपूर्णांक दाखवणं आणि त्यांतला लहान-मोठा ओळखणं सहावीच्या फक्त २९ टक्के मुलांना जमलं. बाहेरही हेच दुखणं जुनं आहे. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला जेमतेम कमी, म्हणजे बेरीज दोनच्या आसपास. २ हा पर्याय निवडला २४ टक्के मुलांनी. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली. म्हणजे त्यांनी आकडे मिळवले. ते आकडे कशाबद्दल आहेत हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही.

पुढचं नुकसानही मोजलं गेलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती समजले होते, यावरून पुढे हायस्कूलमध्ये त्याला बीजगणित कसं जमेल याचा अंदाज येतो. घरची परिस्थिती आणि बुद्धिमापनाचे गुण हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. नववी-दहावीत गणिताचा धसका घेतलेल्या मुलाची गोष्ट पुष्कळदा पाचवीतच सुरू झालेली असते. क्लास लावून ती मिटत नाही, कारण क्लासमध्येही तोच नियम पुन्हा एकदा, जरा जास्त वेगाने सांगितला जातो.

अपूर्णांक इतके जड का जातात? पहिली ते चौथी मुलांनी संख्यांबद्दल जे काही पक्कं केलेलं असतं, ते सगळं इथे एकदम डळमळतं. मोठा आकडा म्हणजे मोठी संख्या, हे शिकलेलं मूल १/४ ला १/३ पेक्षा मोठं म्हणणारच. तीननंतर चार येतात, त्यांच्या मधे काही नसतं, हेही त्याने शिकलेलं असतं. गुणाकार केला की वाढतं, भागाकार केला की कमी होतं. प्रत्येक संख्येला एकच नाव असतं. आणि आता आपण सांगतो की १/२, २/४ आणि ५०/१०० हे सगळे एकच, अर्ध्याला अर्ध्याने गुणलं की पाव होतो आणि अर्ध्याने भागलं की उत्तर वाढतं. इतक्या समजुती एका धड्यात मोडायच्या आणि त्यांच्या जागी नव्या उभ्या करायच्या, तर नुसतं सांगून भागत नाही. मुलांना ते स्वतः पाहावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा.

हे पाहणं कसं असतं ते एका वर्गातलं सांगते. उपनगरातली मराठी माध्यमाची पाचवी. जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापून प्रत्येकाला सहा-सात दिल्या होत्या. मोजपट्टी वापरायची नाही, एवढीच अट. एक घडी घातली, दोन भाग झाले. पुन्हा घडी घातली, चार. तिसरी घडी घालायला लावली आणि उघडण्याआधी विचारलं, आता किती भाग होतील? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, सहा. कारणही तयार होतं: ‘दोन, चार, सहा.’ पट्ट्या उघडल्या तर आठ. काहींनी आपली घडी चुकली असं समजून पुन्हा दुमडलं. एक मुलगा तोवर चौथी घडी घालून, ती न उघडताच ‘सोळा, बाई, सोळा’ म्हणत उभा राहिला. प्रत्येक घडीला प्रत्येक भागाचे दोन होतात हे त्याच्या बोटांना कळलं होतं. सांगायला शब्द सापडायला त्याला आणखी थोडा वेळ लागला, आणि तो वेळ त्याला मिळाला हे महत्त्वाचं.

मग तीन भाग करायचे होते. हे अवघड असतं. दोन टोकं जुळवली की अर्धा मिळतो, तीनसाठी अशी सोय नाही. शेजारी बसलेल्या दोन मुलींचं वाजलं. ‘तुझा मधला मोठाय.’ ‘नाहीये, बघ ना.’ पट्टी कापून तुकडे एकमेकांवर ठेवले, तेव्हा मधला मोठाच निघाला. नवी पट्टी घेतली, आता दोघी मिळून, अगदी जपून. ‘समान भाग’ हे शब्द पुस्तकात प्रत्येक व्याख्येत छापलेले असतात आणि मुलं ते पाठ म्हणूनही दाखवतात. भाग समान नसले तर त्यांना तृतीयांश म्हणता येणार नाही, हे मात्र त्या भांडणात ठरलं.

त्याच दोघींनी नंतर अर्ध्याचा तुकडा आणि तृतीयांशाचा तुकडा एकापुढे एक लावून पूर्ण पट्टीशेजारी ठेवले. थोडी जागा उरली. उरलेली किती, हे शोधायचं होतं. पाव ठेवून पाहिला, बाहेर आला. अष्टमांश ठेवला, कमी पडला. शेवटी एकीने तृतीयांशाचा तुकडा घेऊन तो मधे दुमडला आणि तो बरोबर बसला. असे तुकडे पूर्ण पट्टीत किती? सहा. अर्ध्यात तीन, तृतीयांशात दोन. वहीत तिने ५/६ लिहिलं. लसावि हा शब्द त्या दिवशी वर्गात कुणीही उच्चारला नव्हता. मी मुद्दाम विचारलं, कुणीतरी याचं उत्तर २/५ काढलंय, ते कसं वाटतं? तिने पट्टीवर अर्ध्याच्या खुणेच्या अलीकडे बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘ते इथे येईल. अर्ध्याच्या आतच. मग कसं असेल?’

चुकीचं उत्तर बघून ‘असं कसं असेल’ म्हणणं, हे मला अपूर्णांकाच्या शिकवण्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं. नियम विसरला तरी हे राहिलं की मूल सावरतं. नियम पाठ असून हे नसलं, तर परीक्षेच्या घाईत एक पायरी सुटली की बाकी काहीच उरत नाही.

इथे साधनांबद्दल माझं एक ठाम मत आहे. गोल चकती हे अपूर्णांक शिकवण्याचं मुख्य साधन असू नये. पुस्तकात, तक्त्यांवर, शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत चकत्यांचाच भरणा असतो. अर्धा आणि पाव ओळखायला त्या चांगल्या. पण गोलाचे तीन किंवा पाच समान भाग मुलाला हाताने करता येत नाहीत, म्हणजे ते तयार तुकडेच वापरतं आणि समान भाग करण्याचं अर्धं शिक्षण तिथेच हुकतं. त्याहून मोठी अडचण अशी की चकती एकावर संपते. ५/४ दाखवायचं झालं की दुसरी चकती आणावी लागते आणि मुलाला दोन चकत्यांच्या आठ भागांपैकी पाच दिसू लागतात. मग ते ५/८ लिहितं, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर बरोबरच लिहितं. पट्टी मात्र पुढे वाढवता येते. एकाच्या पुढे सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. तीच पट्टी वहीत आडवी काढली की संख्यारेषा होते. सहावीत संख्यारेषेवर अपूर्णांक दाखवायची वेळ येते, तेव्हा पट्टी दुमडलेल्या मुलाला ती परकी वाटत नाही.

पट्टीच्या जोडीला वाटणी हवी. तीन पोळ्या चार जणांत आणि चार पोळ्या पाच जणांत, कुठल्या पंगतीत बसलात तर जास्त मिळेल? या प्रश्नावर पाचवीचा वर्ग अख्खी तासिका वाद घालू शकतो, आणि त्या वादात ३/४ हा तीन भागिले चार असतो हे आपोआप येतं. हॉलंडमध्ये गणित शिक्षणाचे अभ्यासक लेन स्ट्रीफलँड यांनी अपूर्णांकांची सगळी मांडणीच अशा वाटणीवर उभी केली होती. आपल्याला तितकं लांब जायला नको. १९७४ मध्ये सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे आणि वाटणी व मापन यांतून अपूर्णांक कसे शिकवावेत यावर तिथल्या संशोधकांनी बरंच काम केलेलं आहे. केंद्राच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर गोवंडी-मानखुर्दच्या पालिका शाळा आहेत. तिथे केलेल्या कामाचं सार शहरातल्या प्रत्येक चौथी-पाचवीच्या शिक्षकाच्या टेबलावर असायला हवं, ही मागणी मला मुळीच मोठी वाटत नाही.

आणि या शहरात मापाला तोटा नाही. धारावीत, कुर्ल्यात, गोवंडीत ज्या मुलांच्या घरी शिलाईचं काम चालतं, त्यांच्या हाताला टेप लहानपणापासून असते. टेपच्या इंचाच्या बाजूवर अर्धा, पाव आणि त्याहून बारीक रेघा छापलेल्या असतात. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण. प्लंबर अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइप मागतो. ज्या मुलाचा बाप रोज ‘दोन सूत कमी कर’ म्हणतो, त्याला २/८ आणि १/४ एकच आहेत हे शाळेत कोरडेपणाने शिकवावं लागावं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या मुलाला एकदा घरची टेप आणायला सांगा. वर्गात त्या दिवशी सगळ्यांत जास्त माहिती त्याच्याकडे असेल, आणि एरवी गणिताच्या तासाला मागच्या बाकावर दबून बसणाऱ्या मुलासाठी तो दिवस छोटा नसतो.

परिसरातल्या वस्तूंनी शिकवायचं हे आपल्याकडे कुणी नव्याने सांगायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बिया, पानं, खडे, शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं. तो वारसा बालवाडीपुरता ठेवून आपण पहिलीपासून पुढे खडू-फळ्याकडे वळलो.

आता विरोधातले मुद्दे. जुन्या पिढीतली माणसं हमखास म्हणतात की आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अगदी औटकीसुद्धा, म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे, पाठ केले, पट्ट्या दुमडल्या नाहीत, आणि आमचं गणित पक्कं झालं. या म्हणण्याला मी हसण्यावारी नेत नाही. ते पाढे सुंदर होते. पावकीत चौथ्या पायरीला एक पुरा होतो आणि आठव्या पायरीला दोन, हे सुरात म्हणता म्हणता अपूर्णांक मोजण्याच्या संख्यांत मिसळून जायचे. पण ते पाठांतर हवेत नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. चार आणे म्हणजे पाव रुपया हे पोराच्या मुठीत असायचं. दुकानात पावशेर आणि छटाक होते, आणि छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग. मुलगा वाण्याकडे दिवसातून दोनदा जायचा आणि सवायकीचा वापर करून परत यायचा. कृती बाजारात होत होती, म्हणून शाळेला पाठांतरावर भागवता आलं.

आजच्या मुंबईतल्या मुलाचं तसं नाही. काट्यावर ०.२५० दिसतं, पैसे मोबाइलवरून जातात, सुटे द्यावे-घ्यावे लागत नाहीत. चार आण्याचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं. भाजीवाली अजून ‘पाव किलो देऊ का?’ विचारते, पण पावकिलोचं वजन तागडीत टाकून समोर भाजी चढताना मुलाला दिसत नाही. बाजाराने जे फुकट शिकवलं ते आता शाळेला ठरवून शिकवावं लागणार. जुन्या पाढ्यांचा ज्यांना अभिमान आहे त्यांनी तर या पट्ट्यांच्या बाजूने सर्वांत आधी उभं राहायला हवं. पट्टी हाताळून झाल्यावर पावकी-निमकी म्हणायला मला आवडेल, मुलांनाही आवडते.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक कंजूष माणूस आहे. तो भिकाऱ्याला एका द्रम्माच्या (हे त्या काळचं नाणं) अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा एक चतुर्थांश देतो. गुणाकार करत गेलं की उत्तर येतं १/१२८०. आणि त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे द्रम्माचा १२८० वा भाग म्हणजे नेमकी एक कवडी. ११५० च्या सुमाराला लिहिताना भास्कराचार्यांनी इतका लांबलचक अपूर्णांकही शेवटी हातात धरता येईल अशा वस्तूवर आणून ठेवला. वाचणाऱ्याला कवडी माहीत होती, म्हणून १/१२८० किती लहान हे त्याला कळत होतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो शिक्षणाचे अभ्यासकच घेतात. हाताने काही केलं म्हणजे डोक्यात गेलंच असं होत नाही. हे खरं आहे. मुलं तासभर कागद कापतात, रंगवतात, चिकटवतात आणि शेवटी त्यांच्याकडे कापलेले कागद उरतात. मी असे तास पाहिले आहेत. फरक पडतो तो प्रश्नाने. उघडण्याआधी अंदाज विचारला का? दोन मुलांचे तुकडे वेगळे आले तेव्हा थांबून, असं का झालं ते बोलू दिलं का? ‘अर्धा’ म्हटल्यावर ‘कशाचा अर्धा?’ हे विचारलं का? लहान पट्टीचा अर्धा आणि मोठ्या पट्टीचा पाव सारखे येऊ शकतात, हे समोर ठेवून मुलांना गोंधळू दिलं का? आणि शेवटी, जे हाताने केलं ते अंकांत लिहायला लावलं का? पट्टी कायम हातात राहायची नाही. आधी दुमडून, मग वहीत रेघ काढून, मग डोळे मिटून मनात, असा प्रवास व्हायला हवा. त्याला दिवस लागतात, म्हणूनच मी एका तासिकेऐवजी सहा आठवडे मागते आहे.

हे आठवडे आणायचे कुठून, असं मुख्याध्यापक विचारतात. विचारणारच. शिक्षण हक्क कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला तरी प्रत्यक्षात वर्ग मोठे असतात, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं येतात, तासिका पस्तीस मिनिटांची. माझं उत्तर असं की हा वेळ आपण आताही खर्च करतोच आहोत. समच्छेद करणं पाचवीत शिकवतो, सहावीत पुन्हा शिकवतो, सातवीत उजळणी घेतो आणि आठवीत बैजिक राशींचे छेद आले की पहिल्यापासून सुरू करतो. शिवाय पाचवीत १७/२४ + ११/३६ यांसारखी गणितं काढून टाकली तर कुणाचंही बिघडणार नाही. आयुष्यात ती कुणाला करावी लागत नाहीत, आणि समज तपासायला १/२, १/३, १/४, १/६, १/८ एवढे अपूर्णांक पुरेसे आहेत.

पैशांचा प्रश्न तर नाहीच. साहित्याच्या पेट्या घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, पण पेटी आली म्हणजे काम झालं असं समजलं जातं. एका शाळेत मी अशी पेटी कपाटात कुलूपबंद पाहिली. तुकडा हरवला तर भरून कोण देणार, ही तिथल्या शिक्षकांची भीती होती आणि ती समजण्यासारखी होती. वर्तमानपत्राची पट्टी फाटली तर दुसरी कापता येते. चोवीस सेंटिमीटरची पट्टी घेतली तर तिचे दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात. घडी घालून झाल्यावर मोजपट्टीने पडताळायला ती फार सोयीची.

शिक्षकांना दोष देऊन मात्र काही साधणार नाही. गणित शिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित दिलं होतं. चीनमधल्या सगळ्यांनी ते सोडवलं. अमेरिकेतल्या फक्त नऊ जणांना पूर्ण बरोबर उत्तर काढता आलं, आणि त्यावर योग्य शाब्दिक उदाहरण तयार करता आलं ते एकाला. ही अमेरिकेची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या कुठल्याही प्रशिक्षणात हा प्रश्न टाकून पाहा. ‘उलटा करून गुणा’ सगळे सांगतील. पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या अर्ध्या मीटरचे साडेतीन तुकडे निघतात, हे उदाहरण किती जणांना चटकन सुचेल? ज्यांना स्वतःला नियमाखेरीज काही शिकवलं गेलं नाही, त्यांच्याकडून आपण समजेची अपेक्षा करतो. प्रशिक्षणात स्लाइड दाखवण्याऐवजी शिक्षकांच्या हातात त्याच पट्ट्या द्या. त्यांनाही तिसऱ्या घडीचा अंदाज विचारा. मोठी माणसंही सहा म्हणतात, आणि उघडल्यावर मनापासून खूश होतात.

पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात तर घरात पाव-पाऊण-दीड आणि वहीत फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर अशी फारकत असते. पट्टी समोर असली की मूल आपल्या भाषेत बोलतं आणि मग परीक्षेच्या भाषेत लिहितं. मुंबईसाठी हा फायदा फार मोठा आहे.

पालक सभेत ‘आमची मुलं गणिताच्या तासाला कागदच दुमडतात’ अशी तक्रार येते. वही भरलेली दिसली नाही की पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरली त्यांना तो येणारच. त्यांना समजावण्यापेक्षा सभेतच पट्ट्या वाटाव्यात, १/२ + १/३ करायला सांगावं आणि २/५ का नाही हे त्यांच्याच मुलांना सांगू द्यावं.

पण सगळ्यांत आधी बदलायला हवी ती प्रश्नपत्रिका. शिष्यवृत्ती परीक्षा असो की शाळेची सत्र परीक्षा, जोवर ‘सोडवा’ आणि चार पर्याय एवढंच विचारलं जाईल तोवर कुठलाही प्रामाणिक शिक्षक नियमाकडेच धावणार, कारण मुलांचे गुण त्याला प्यारे असतात. पाचवीच्या गणितात अपूर्णांकांवरचे निम्मे गुण अशा प्रश्नांना ठेवा: एका मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं, न सोडवता ते चूक आहे हे कसं ओळखाल? ३/४ आणि ४/५ यांत मोठा कोणता, चित्र काढून पटवा. दीड मीटर रिबिनीचे पाव मीटरचे किती तुकडे होतील? १२/१३ + ७/८ साधारण किती? हे प्रश्न तपासायला थोडे कष्ट पडतील, ते घ्यावेत. शाळा पाहायला येणाऱ्या विभाग निरीक्षकांनीही वही किती भरली ते पाहण्याआधी एका मुलाला उभं करून विचारावं, की ५/६ हे अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, आणि कशावरून. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न जरी आला, तरी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कात्री आणि रद्दी शोधायला सुरुवात होईल, याची मला खात्री आहे.